सांडवा

पाऊस संपला हे कोणी ठरवायचं, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. हवामान खात्याच्या हिशेबाने मोसमी वारे सप्टेंबरच्या मध्यावर राजस्थानातून माघार घ्यायला लागतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कधीतरी मुंबई-पुण्याचा निरोप घेतात. माझे सासरे, म्हणजे अण्णा, हे मत मानतात. पाटबंधारे खात्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे पाण्याच्या बाबतीत सरकारी कागदाशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही. सासूबाई कागद बघत नाहीत. त्या सकाळी गॅलरीत उभ्या राहतात, समोरच्या इमारतीच्या गच्चीच्या कठड्यावरचा एक काळा ओघळ वाळला आहे का ते बघतात आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणतात, "आज गाद्या काढू." झालं. आमच्या घरापुरता शरद ऋतू सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा खात्याच्या बराच आधी होतो. त्यानंतर एखाद्या संध्याकाळी परतीचा पाऊस विजांचा लवाजमा घेऊन येऊन जातोच, पण त्याला पाहुणा धरलं जातं. त्याच्या येण्याने निकाल बदलत नाही. छत्र्यांची मात्र त्या दिवसांत फार अवघड स्थिती होते. माळ्यावर टाकाव्यात तर संध्याकाळी गडगडतं आणि दाराशी ठेवाव्यात तर दुपारचं ऊन असं पडतं की त्यांच्याकडे बघून आपल्यालाच ओशाळायला होतं. निवृत्तीचा आदेश हातात पडलेल्या पण कार्यमुक्त न झालेल्या कारकुनांसारख्या त्या खुंटीला लटकत राहतात.

चार महिने घर स्वतःतच दुमडत गेलेलं असतं. कपडे पंख्याखाली वाळतात, मिठाला पाणी सुटतं, कपाटांची दारं फुगून बसतात आणि माणसंही आपापल्या कोपऱ्यात थोडी फुगलेलीच असतात. गाद्या काढायच्या दिवशी हे सगळं एकदम सुटतं. गाद्यांमागून रजया, रजयांमागून शाली, पितळेची भांडी आणि माळ्यावरची ती ट्रंक, जिच्यात काय आहे हे दर शरदात उघडल्यावरच कळतं आणि पुढच्या शरदापर्यंत विसरलं जातं. कापसाची जुनी गादी जिन्यातून वर नेण्यात दोन माणसांच्या ताकदीपेक्षा दोन स्वभावांची परीक्षा असते. पुढच्याला वाटतं मागचा ढकलतोय, मागच्याला वाटतं पुढचा अडतोय, आणि मधल्या वळणावर गादी दोघांकडेही दुर्लक्ष करून भिंतीला टेकून झोपी जाते. गच्चीवर पोचलं की दिसतं, सगळ्या इमारतीने आपलं अंतरंग उन्हात पसरलेलं आहे. लिफ्टमध्ये एकमेकांच्या चपलांकडे बघत उभे राहणारे आम्ही लोक इथे एकमेकांच्या पांघरुणांतून वाट काढत चालतो. सोसायटीच्या सभेत नियमावली तोंडपाठ म्हणणाऱ्या एका गृहस्थांच्या उशीच्या अभ्र्यावर सशांचं चित्र आहे, ही माहिती झाल्यापासून त्यांच्याशी पार्किंगवरून भांडणं मला जमेनासं झालं आहे.

त्याच गच्चीवर, हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर, चतुर फिरत असतात. सोनेरी-पिवळ्या अंगाचे, कुठेही न टेकणारे, हवेत कसलं तरी अदृश्य भरतकाम करत असल्यासारखे. कितीतरी वर्षं मला वाटायचं, हे आपल्याच गल्लीतले असणार. मग कधीतरी वाचलं की मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना एक कोडं पडलं होतं: दर ऑक्टोबरात त्या बेटांवर हे चतुर झुंडीने उतरतात, आणि बेटांवर तर त्यांना अंडी घालायला साठलेलं गोडं पाणी जवळजवळ नाहीच. वर्षानुवर्षं नोंदी ठेवून २००९ मध्ये त्यांनी मांडलं की हे भारताकडून निघालेले प्रवासी आहेत आणि दक्षिणेकडे सरकणाऱ्या पावसाच्या सोबतीने, समुद्र ओलांडून ते पूर्व आफ्रिकेकडे निघालेले असतात. वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. जो जातो तो परत येत नाही. येते ती त्याची पुढची कुठली तरी पिढी. हे मी रात्री जेवताना सांगितलं. नवऱ्याने नकाशा काढला, अण्णांनी वाऱ्याचा वेग विचारला. सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आणि बरोबर काहीच घेत नाहीत?"

हा प्रश्न त्यांना खरोखर पडला होता. कारण त्यांच्या हिशेबी प्रवास म्हणजे घर थोड्या वेळासाठी दुसरीकडे नेऊन ठेवणं. कासच्या पठारावर फुलं बघायला जायचं ठरलं तेव्हा पुण्याहून तिथवरचं अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री परत. तरी आदल्या संध्याकाळपासून ओट्यावर तिखटमिठाच्या पुऱ्यांची चळत वाढत गेली. लसणाची चटणी झाली. दही एका डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात, तो पिशवीत. सतरंजी, चाकू, लिंबं, जुनी वर्तमानपत्रं, गाडी लागू नये म्हणून आवळासुपारी, लागलीच तर म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या, आणि अण्णांची उशी. "एका दिवसाला उशी कशाला, आई?" असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की सूनपणाची इतकी वर्षं फुकट गेली.

कासला जायला अण्णा आधी राजी नव्हते. डोंगरावर फुलं असणारच, त्यात बघायचं काय, हे त्यांचं म्हणणं. पण २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला आणि त्यात कासही आहे, असं लेकीने त्यांना छापील कागदावर दाखवलं. तेव्हा मामला खात्यांतर्गत झाल्यासारखे ते तयार झाले. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर वर चढत गेलं की बाराशे मीटरांच्या उंचीवर जांभ्या दगडाचं हे पठार लागतं. नुसता कातळ, त्यावर मातीचा पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यावर फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. फोटोंमध्ये हे सगळं क्षितिजापर्यंत पसरलेलं गुलाबी-पिवळं वस्त्र दिसतं. प्रत्यक्षात आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं आणि धुक्यात एकमेकांना हाका मारणारी माणसं होती. धुकं विरळ झालं तसं उमगलं की इथे उभं राहून फारसं काही दिसत नाही. तेरडा आणि सोनकी उभ्या माणसाला दर्शन देतात, पण बाकीची फुलं बघायला गुडघे टेकावे लागतात. गेंद म्हणजे पांढऱ्या टाचण्यांची सभा. मिकी माऊस नावाने हाक मारली जाणारी कवल्याची पिवळी फुलं, ज्यांना कानांसारखे दोन लाल ठिपके असतात. अण्णांचा गुडघा वळत नाही. त्यांनी वाटाड्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून कमरेत वाकून बघितलं, आणि बघता बघता पाया पडल्यासारखे बराच वेळ तसेच राहिले. मागून येणारे एक अनोळखी काका त्यांना बघून थबकले आणि त्यांनीही भाबडेपणाने जमिनीला हात लावून नमस्कार केला.

त्या वाटाड्या मुलाने निळसर जांभळी, नखाएवढी फुलं दाखवली. सीतेची आसवं. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. नावच तसं आहे. मग तो म्हणाला, ही किडे खातात. मातीत कस नसल्यामुळे या झाडांच्या मुळांपाशी बारीक पिशव्या असतात, ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात आणि पचतात. आमच्यात शांतता पसरली. सीतामाईच्या अश्रूंनी मांसाहार करावा हे कोणालाच पटेना. सासूबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "खातील नाही तर काय. वनवासात होती बिचारी." वाटाड्याने हे वाक्य मनात नोंदवून घेतलेलं मी बघितलं, आता तो ते पुढच्या तुकड्यांना सांगत असेल. मग टोपली कारवीचा विषय निघाला. ती सात वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा उतारच्या उतार जांभळे होतात, असं तो म्हणाला. आमच्या वर्षी फक्त हिरवी गोल झुडपं दिसत होती, पालथ्या टोपल्यांसारखी. अण्णांनी विचारलं, मागचा बहर कधीचा. त्याने सांगितलं. अण्णांनी बोटांवर काहीतरी मोजलं, आकाशाकडे बघितलं आणि अगदी कामकाजी आवाजात विचारलं, "त्याचं बुकिंग आत्ता करून ठेवता येतं का?" मुलगा हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढून शेवटच्या पानावर साल लिहून ठेवलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

जेवण कुंपणाबाहेर, गाड्या लावतात तिथे झालं. सासूबाईंनी सतरंजी अंथरली आणि कोणी काही न ठरवता आम्ही घरच्या टेबलाभोवती जसे बसतो तसेच बसलो. अण्णा टोकाला, त्यांच्या उजवीकडे नवरा, मी ओट्याच्या बाजूला, म्हणजे जिथे ओटा असता त्या बाजूला. लेकीने घरच्यासारखंच दही नको म्हटलं आणि घरच्यासारखंच तिला ते वाढलं गेलं. ढग सतरंजीवरून चालत गेले. उशीचा उपयोग झाला, अण्णा तिच्यावर अर्धा तास निजले, आणि परतीच्या वाटेवर खंबाटकी येईपर्यंत सासूबाई माझ्याशी एक शब्द न बोलता जिंकत राहिल्या.

नवरात्र असं येतं की घरात राहूनही आपण रोज कुठेतरी चाललोय असं वाटतं. पार्किंगमध्ये पाटावर हत्ती रेखून भोंडला होतो. दर वर्षी हत्तीची सोंड बरी जमते आणि पाय म्हशीचे होतात. खिरापत ओळखताना हल्लीच्या मुली थेट पास्त्यापासून सुरुवात करतात. दसऱ्याला आपट्याची पानं वाटली जातात. आणि याच सुमारास संध्याकाळी रस्त्याकडेच्या सातविणीला हिरवट पांढरे झुबके येऊन तिचा वास खिडकीतून न विचारता आत शिरतो. या वासावरून आमचं घर उभं फाटलेलं आहे. माझं डोकं दुखतं. अण्णांना तो आवडतो. शांतिनिकेतनात पदवीदानाच्या वेळी या झाडाची पानं देतात, त्यामुळे त्याच्या वासाला नावं ठेवणं हे शिक्षणाला नावं ठेवण्यासारखं आहे, असा त्यांचा युक्तिवाद. कोजागरीला गच्चीत दूध आटवलं जातं, चंद्र नेमका टाकीच्या मागे असतो आणि सगळेजण पातेलं घेऊन त्याच्या शोधात गच्चीभर सरकत राहतात. दिवसा ऊन मात्र असं की वैशाखाची आठवण यावी. शरद ही वैद्यांची आई, वसंत बाप, असं जुनी माणसं म्हणून गेली. दवाखान्यातली गर्दी बघता आईचा संसार नीट चाललेला दिसतो. मौज अशी की त्याच जुन्या माणसांनी आयुष्य मागताना शंभर शरद मागितले. खोकत खोकत का होईना, मागितले.

सहामाही परीक्षा संपली की लेकीचा किल्ला सुरू होतो. पुण्यात वाढलेल्या मुलाला दिवाळीत मातीत हात घालावा लागतो, हा त्याच्या नागरिकत्वाचा भाग आहे. विटा, गोणपाट, चिखल, वर पेरलेले हळीव. कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाएवढे असतात, महाराज मावळ्यांच्या दुप्पट, आणि गुहेबाहेरचा वाघ महाराजांच्या बरोबरीचा, पण हे प्रमाण कोणालाच खटकत नाही, कारण मुलांच्या मनात ज्याचं जेवढं महत्त्व तेवढी त्याची उंची. त्या वर्षी लेकीने किल्ल्याच्या पायथ्याशी तळं केलं. अण्णा पाहणीला खाली आले. हात मागे बांधून त्यांनी एक फेरी मारली. रायगडावर गंगासागर आहे, सिंधुदुर्गात चहूकडे खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या विहिरी आहेत, किल्ल्याला पाणी हवंच, असं कौतुक करून झालं. मग त्यांनी विचारलं, "पाणी जास्त झालं तर जाईल कुठे?"

"कशाला जास्त होईल?" लेक म्हणाली. "तांब्यानेच तर घालतेय."

अण्णांनी खुर्ची मागवली. फुटक्या फरशीचा तुकडा, थोडं सिमेंट, खडे. दोन संध्याकाळ खपून त्यांनी तळ्याच्या एका काठाला सांडवा बांधून दिला, पाण्याच्या पातळीपेक्षा किंचित वर, पुढे उतरता, आणि खाली पाण्याचा जोर मोडायला दगडांची रांग. मग रंगीत खडूने निळी पूररेषा आखली, तिच्या वर लाल. लाल रेषेच्या आत येणाऱ्या एका मावळ्याचं घरासकट पुनर्वसन करण्यात आलं; त्याला बुरुजामागे, जरा गैरसोयीची पण सुरक्षित जागा मिळाली. शेजारच्या मुलांच्या किल्ल्यांवर लुकलुकणारे दिवे होते, हेलिकॉप्टर होतं. आमच्या किल्ल्यावर लोक येऊन विचारायचे, हे काय आहे, आणि लेक कंटाळलेल्या अधिकाऱ्याच्या सुरात सांगायची, सांडवा.

अण्णा १९४८ चे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण, काम पुरं व्हायच्या आधीच भरलेलं, फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं, तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते आणि नदीकाठच्या पेठेत राहायचे. त्या दिवसाबद्दल ते बोलत नाहीत. इतक्या वर्षांत मी एकदाच ऐकलं, तेही गाद्या वर नेताना मधल्या वळणावर दम खायला थांबलेले असताना. पाणी ओसरल्यावर मोठ्या माणसांनी आधी काय केलं असेल तर गाद्या छपरावर टाकल्या, असं ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "जुलैत गाद्या वाळत नाहीत."

मग येते भाऊबीज. या सणाचा एक व्यावहारिक घोटाळा आहे, ज्याकडे पंचांगकर्त्यांचं लक्ष गेलेलं दिसत नाही. त्या दिवशी प्रत्येक बाईने भावाकडे जायचं आणि प्रत्येक भावाने बहिणीची वाट बघत घरी थांबायचं. पण भावाची बायको ही कोणाची तरी बहीण असल्यामुळे ती तिच्या भावाकडे गेलेली. म्हणजे ज्या घरी मी ओवाळायला पोचते तिथे वहिनी नसते, आणि माझ्या घरी नणंद पोचते तिथे मी नसते. एका दिवसापुरती महाराष्ट्रातली सगळी लग्नं जणू स्थगित होतात आणि कुटुंबं पूर्वीच्या मांडणीत परत जाऊन बसतात. घराघरांत तीच जुनी भावंडं, थोडी पांढरी झालेली, जुन्याच भांडणांवर नव्याने भांडत. स्वयंपाक कोणी करायचा हे कोणालाच माहीत नसतं, म्हणूनच बहुधा त्या दिवशी श्रीखंड विकत आणायची पद्धत पडली असावी.

आमच्या घरातून त्या पहाटे दोन तुकड्या निघतात. सासूबाई वाईला, धाकट्या भावाकडे. जाताना त्या उशी नेत नाहीत, डबे नेत नाहीत, एक पिशवी आणि ओवाळणीचं ताम्हन एवढंच. तिथे न्यायला घर लागत नाही. रात्री मी फोन केला की मागे हसण्याचा कल्लोळ ऐकू येतो, आणि त्यात एक आवाज असा असतो की मला तो कधी ओळखता आलेला नाही. मामा ओरडत असतात, "ताई, तुझाच फोन आहे!" आणि तो अनोळखी आवाज फोनपाशी येता येता दोन पावलांत वयस्कर होतो, सावध होतो, आणि विचारतो, "सगळं ठीक ना गं? दूध तापवलंत का?"

दुसरी तुकडी म्हणजे मी आणि लेक, एसटीने दापोलीकडे. एसटीबद्दल अण्णा समवयस्क मित्राबद्दल बोलावं तसं बोलतात. तिची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली, त्यामुळे दोघांची साठी, पंच्याहत्तरी बरोबरच झाली. भाऊबीजेच्या गाडीत निम्म्या बायका असतात आणि उरलेल्या निम्म्यांत त्यांची मुलं आणि चिवड्याचे डबे. कोणीतरी दिवाळी अंक उघडतं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस चकलीच्या तेलाची बोटं पानांना पुसत साहित्य वाचतो आहे. ताम्हिणीच्या उतारावर कारवीची सुकी बोंडं, ओहोळांचे बारीक झालेले आवाज, आणि खाली माणगावच्या बाजूला भाताचा तो रंग, ज्याला सोनेरी म्हणणं फार सोपं आहे आणि दुसरं काही म्हणता येत नाही. घरी पोचलो तेव्हा खळ्यात उडवी रचलेली होती. वहिनी चिपळूणला माहेरी. माझी आई, बाबा, दादा आणि मी पडवीत बसलो, पाय तसेच पुढे टाकून, जसे तेव्हा बसायचो. दादाने माझ्या ताटातली करंजी न विचारता उचलली. मी ओरडले. लेक आमच्याकडे टक लावून बघत होती. रात्री अंथरुणात तिने विचारलं, "तू बाबाला अशी का नाही ओरडत?" मी म्हटलं, बाबा करंजी पळवत नाही. ती म्हणाली, "म्हणून तुला तो कमी आवडतो?" मी तिला झोप म्हटलं.

पुण्यातल्या घरी त्या दिवशी अण्णा, नवरा आणि नणंद. अण्णांची बहीण आता नाही. जिला भाऊ नाही ती बाई चंद्राला ओवाळते. ज्याची बहीण राहिली नाही त्या पुरुषासाठी शास्त्राने काही सोय केलेली दिसत नाही. नवऱ्याने नंतर सांगितलं, नणंदेने त्याला ओवाळून झाल्यावर निरांजन खाली न ठेवता तसंच अण्णांकडे वळवलं. "अगं, मी बाप आहे," अण्णा म्हणाले. "असू दे हो, बसा," ती म्हणाली. ते टोपी घालून बसले. ओवाळून झाल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कोरी नोट काढली. इतकी कोरी नोट खिशात अशीच नसते, असं नवऱ्याचं मत.

अण्णा आमच्याबरोबर कुठे आलेले नव्हते, कारण लेकीने निघताना त्यांना किल्लेदार नेमलं होतं आणि ते पद त्यांनी फार गंभीरपणे घेतलं. कोकणात रोज संध्याकाळी रेंज शोधत आम्ही विहिरीपाशी जायचो आणि अण्णांचा अहवाल यायचा. हळीव दोन बोटं वर आलं. मांजर मध्यरात्री दरवाज्यातून आत आलं, एक तोफ निकामी. वाघ पडला, पुन्हा उभा केला, तोंड आता पूर्वेकडे. मग एका संध्याकाळी आवाज वेगळाच होता. दुपारी पुण्यात अवेळी पाऊस झाला होता, चांगला तासभर, विजांसकट. लेक रडवेली झाली. "किल्ला गेला?" पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग अण्णांचा आवाज आला, इतका हलका की मीच फोनच्या जवळ सरकले. "बुरुज थोडा खचला. पण तळं काठोकाठ भरलं, आणि मी छत्री घेऊन उभा होतो, मी बघितलं, पाणी सांडव्यावरून गेलं. सगळं सांडव्यावरून गेलं. कोणाच्या घरात शिरलं नाही."

नोव्हेंबरात शाळा उघडली. 'सुट्टीतील माझा प्रवास' या विषयावर निबंध होता. लेकीने दीड पान लिहिलं: एसटी एका ओळीत, कोकण तीन ओळींत, आणि उरलेलं सगळं विहिरीपाशी उभं राहून ऐकलेल्या फोनबद्दल. बाईंनी वर लाल शाईत लिहिलं होतं, प्रवासाचं वर्णन वाढव. आणि सांडवा या शब्दाखाली रेघ मारून समासात मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. किल्ल्यावर सांडवा कुठून आला, हे त्यांना कळलं नसणार. अण्णांनी चष्मा लावून निबंध वाचला, पुन्हा वाचला. मग पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल मागितली. प्रश्नचिन्हाच्या शेजारी उरलेल्या जागेत त्यांनी सांडव्याची छेद-आकृती काढली, प्रमाण लिहिलं, बाणांनी पाण्याची दिशा दाखवली, तळाशी सही केली, तारीख घातली आणि सहीखाली कंसात पद लिहिलं: निवृत्त शाखा अभियंता, पाटबंधारे विभाग. वही दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.